खाली चालतं, वर चालत नाही

"पुन्हा सांगा," चंद्रप्रभा म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या तोंडाशी कान नेला.

शशिकांतरावांचे ओठ जेमतेम हलले. त्यांचा ऊन श्वास तिच्या कानाच्या पाळीला लागला, शब्द काही आला नाही.

"अजून एकदा. जरा जोर लावा."

जोर लावणं त्यांच्या हातात नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. तरी तोंडातून निघून गेलंच. नवा फोन उशीवर, त्यांच्या गालाजवळ, नेहमीच्या जागी ठेवलेला होता. पडद्यावर तिच्या कानांतल्या दोन्ही मशिनांचं चित्र होतं आणि त्याखाली एक गोल फिरत होता. 'शोधत आहे.' सकाळी सातपासून तो शोधतच होता. आता साडेआठ झाले होते, खिडकीबाहेर दिल्लीजवळच्या वसुंधरा वसाहतीतलं डिसेंबरचं धुकं अजून हललेलं नव्हतं, आणि शशिकांतरावांना काहीतरी सांगायचं होतं.

कंपवाताने चार वर्षांत त्यांचं एकेक करून बरंच काही नेलं होतं. आधी सही गेली, मग चालणं, मग चेहऱ्यावरचं हसू. शेवटी आवाज. म्हणजे ते मुके झाले नव्हते. बोलत होते, पण भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावं तसं. आणि बायकोला नेमकं तेवढंच ऐकू येत नव्हतं.

एके काळी याच माणसाचा आवाज मंत्रालयाच्या तीन खोल्या ओलांडून जायचा. त्र्याऐंशी साली चंद्रप्रभा अकोल्याहून परीक्षा देऊन स्टेनो म्हणून दिल्लीत आली, तेव्हा तिला ज्या सेक्शनला पाठवलं तिथे बार्शीचे होनराव साहेब होते. येरझाऱ्या घालत, हात हलवत, आगगाडीच्या वेगाने डिक्टेशन द्यायचे. दोन वर्षांत तिने एकदाही "सर, पुन्हा सांगा" म्हटलं नव्हतं. लग्नाचं विचारलं तेव्हा मात्र म्हटलं होतं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे.

तिचे कान पन्नाशीत जायला लागले. स्टेनोचे कान गेले म्हणजे गवयाचा गळा गेल्यासारखं. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. नव्या साहेबांच्या ओठांकडे बघत, त्यांची ठरलेली वाक्यं आठवत, राहिलेलं अंदाजाने भरत तिने शेवटची आठ वर्षं काढली आणि साठाव्या वर्षी हार-नारळ घेऊन घरी आली. त्यानंतर शशिकांतरावांचा आवाज बसत गेला. ते काही म्हणायचे, ही "हं, हं" करायची. "खिडकी लाव" म्हटलं तर पाणी आणून द्यायची. हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. आठ महिने त्या घरात दोन माणसं राहत होती आणि बोलत होता तो फक्त टीव्ही.

मग लेकीच्या हट्टाने ती कानांची मशिनं घ्यायला तयार झाली. कान तपासणाऱ्या मॅडमनी एक युक्ती शिकवली. मशिनं फोनला जोडायची आणि फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ ठेवायचा. त्याची कुजबुज फोन पकडतो आणि थेट कानांत सोडतो. त्या दिवशी घरी येऊन तिने फोन त्यांच्या उशीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. कानांत स्पष्ट आवाज आला, "पंखा कमी कर."

ती पंखा कमी करायला गेली ती रडतच गेली.

याला दोन वर्षं झाली. त्या फोनची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकेना, म्हणून शनिवारी अक्षता गुरुग्रामहून नवा फोन घेऊन आली. रविवारभर सोफ्यावर मांडी घालून तिने तो लावला.

"आई, सगळं क्लाउडमध्ये आहे. बॅकअप टाकला की जसंच्या तसं येतं. तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ."

"आणि माझी मशिनं?"

"ती पण येणार ना. सगळी अ‍ॅप्स येतात."

अ‍ॅप्स आली होती हे खरं. सगळी चित्रं जुन्या फोनवर होती त्याच जागी येऊन बसली होती. पण कुलूप तेच दिसावं आणि किल्ली लागू नये, तसं झालं होतं. बँकेचं अ‍ॅप तिला ओळखत नव्हतं. मेसेजचं अ‍ॅप एक्केचाळीस टक्क्यांवर अडकलं होतं. आणि मशिनांचं अ‍ॅप शोधत होतं. अक्षता पहाटे तीनलाच टॅक्सीने विमानतळावर गेली होती. बंगळुरूला तिची मीटिंग होती. धुक्यामुळे विमान किती वाजता सुटलं कोण जाणे, पण तिचा फोन बंद होता.

मशिनं बंद पडली नव्हती. कुकरची शिट्टी, खालच्या गार्डची हाक, नळाचं पाणी, हे सगळं ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हता तो एकच आवाज.

शशिकांतरावांनी हात उचलला. थरथरतं बोट उशाशी असलेल्या छोट्या कपाटाकडे वळलं.

"औषध? आत्ता तर दिलं. टोपी हवी? थंडी वाजते?"

तिने कपाटावरची लोकरीची टोपी घेऊन त्यांच्या डोक्यात घातली. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा बोट केलं. तिने शाल आणली. मग चष्मा. मग लघवीचं भांडं. भांडं बघून त्यांनी मान इतकी हळू फिरवली की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लिहून दाखवता?"

पॅड आणि पेन तिने त्यांच्या हातात दिलं. पहिलं अक्षर बरं आलं. दुसरं त्याच्या निम्मं. पुढे अक्षरं मुंग्यांएवढी होत होत एक नुसती रेघ उरली. तिने भिंग आणलं. लघुलिपीच्या रेघोट्या वाचण्यात जन्म गेलेल्या बाईला नवऱ्याचे दोन शब्द लागेनात.

"जु... जु... जुलाब? अहो, जुलाब होताहेत का तुम्हाला?"

शशिकांतरावांनी पेन सोडून दिलं. ते गादीवरून घरंगळत खाली पडलं. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

चंद्रप्रभाने वाकून ते पेन उचललं. ही मान तिच्या ओळखीची होती. आठ महिने तिने ती बघितली होती. त्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की आवाज वापरला नाही तर जो आहे तोही जाईल, आणि एकदा बोलायची सवय सुटली की माणूस पुन्हा तिकडे वळत नाही. तेव्हा वळवलं होतं ते या यंत्राने. पुन्हा वळतील याची खात्री कुणी द्यायची?

"मी आलेच," ती मोठ्याने म्हणाली. "खाली जाऊन हे दुरुस्त करून आणते. अर्ध्या तासात. तोवर भिंतीशी भांडू नका."

सोसायटीच्या फाटकालगत राजीवचं मोबाइलचं दुकान होतं. जुनी सोसायटी, लिफ्ट नव्हती. तीन जिने उतरून ती तिथे पोचली, तेव्हा तो नुकतं शटर वर करत होता. चाळिशीचा, गळ्यात मफलर, तोंडात सुपारी.

"नमस्ते आंटीजी! अंकल कैसे हैं?"

"अंकल ठीक हैं, भैया. ये फोन ठीक नहीं है."

तिने सगळं सांगितलं. बॅकअप, क्लाउड, मशिनं, सकाळी सातपासून फिरणारा गोल. राजीवने ऐकून घेतलं, सुपारी थुंकून आला आणि दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून कामाला लागला.

"बैकअप से ऐप तो आ जाता है, आंटीजी, जोड़ी नहीं आती," तो तिच्यासाठी मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला. "जैसे नए घर में सामान आ गया, पर पड़ोसी पहचानते नहीं. जान-पहचान फिर से करनी पड़ती है. ऐप निकालके दोबारा डालता हूँ. पासवर्ड है?"

चंद्रप्रभाने पर्समधून छोटी डायरी काढली. राजीवने पानाकडे बघितलं, डायरी उलटी करून बघितली.

"ये कौन-सी भाषा है?"

"शॉर्टहैंड. चोर के हाथ लगे तो भी कुछ ना समझे." सकाळपासून पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं. तिने वाचून दाखवलं, त्याने टाइप केलं. मशिनं कानांतून काढून डबीत ठेव, पुन्हा घाल, असं त्याने दोनदा करायला लावलं. तिसऱ्या खेपेला तिच्या दोन्ही कानांत ती ओळखीची बारीक धून वाजली, आणि काउंटरवर पडलेल्या फोनजवळ तोंड नेऊन राजीव अगदी हळू म्हणाला, "सीता-राम, आंटीजी."

कानाच्या आत कुणी बसून बोलल्यासारखं ऐकू आलं. तिने काउंटरवर हात ठेवून एक मोठा श्वास घेतला.

जिने चढताना पहिल्या मजल्यावर ती थांबली नाही, दुसऱ्यावरही नाही. रोज दोनदा थांबणारी बाई. दार उघडून, चपला न काढताच ती आतल्या खोलीत गेली.

"झालं बरं का! आता बोला," म्हणत तिने फोन उशीवर ठेवला.

शशिकांतरावांनी मान वळवली, तिच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. आणि त्याच क्षणी कानांत 'टुंग' झालं. पडद्यावरचं चित्र करडं पडलं. गोल फिरायला लागला.

चंद्रप्रभा पलंगाच्या कडेवर बसली. चपला पायांतच होत्या. रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो संताप; फोनवर, क्लाउडवर, बंगळुरूवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या कानांवर. तिने फोन उचलला आणि परत राजीवकडे जायला निघाली.

दाराबाहेर जिन्याच्या चौकात पोचते न पोचते तोच कानांत धून वाजली.

ती उभी राहिली. पडद्यावर चित्र पुन्हा उजळलं होतं. ती परत घरात शिरली. बैठकीपर्यंत ठीक. आतल्या खोलीच्या दाराशी, टुंग. बाहेर आली, धून. आत गेली, टुंग. चौथ्या फेरीला समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं.

खाली चालतं, बाहेर चालतं, आत चालत नाही. आत असं काय आहे? ते तिला कळेना. पण नोकरीची सगळी वर्षं तिने एक गोष्ट केली होती: साहेबाचं वाक्य अर्धंच हाती आलं तर बसून हळहळायचं नाही, हाती आहे तेवढ्यावर पुढे जायचं. फोन आतल्या खोलीत चालत नाही ना? मग माणसाला बाहेर आणायचं.

शशिकांतरावांना घरात फिरवायला चाकांची खुर्ची होती. त्यांच्या ऑफिसातल्यासारखी, गोल फिरणारी. अक्षताने त्यांच्या हौसेसाठी आणलेली. चंद्रप्रभाने त्यांना उठवून बसवलं, पाय खाली सोडले, काखेत हात घालून उभं केलं आणि फिरवून खुर्चीत बसवलं. शाल लपेटली. शशिकांतराव तिच्याकडे टक लावून बघत होते. चेहरा हलत नव्हता, पण भुवईच्या वर काहीतरी 'हे काय चाललंय' असं होतं.

"काही विचारू नका. मला ऐकू येत नाहीये."

बैठक ओलांडली. मुख्य दाराला उंबरा होता. तिने खुर्ची उलटी फिरवली, पाठीमागून ओढली. मागची चाकं अडली. तिने गुडघा टेकला, खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि चौसष्ट वर्षांच्या कमरेत होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून खेचलं. धाडकन आवाज झाला आणि शशिकांत होनराव, निवृत्त अवर सचिव, सहा महिन्यांनी पहिल्यांदा घराबाहेर आले.

चौकाच्या जाळीतून धुक्यातलं फिकट ऊन येत होतं. चंद्रप्रभाने खुर्ची भिंतीला टेकवली, फोन त्यांच्या छातीवर शालीच्या घडीत उभा खोचला आणि स्वतः समोरच्या पायरीवर बसली. धापेने छाती वरखाली होत होती.

धून वाजली.

"बोला," ती म्हणाली.

"जुना फोन," शशिकांतराव म्हणाले.

शब्द थेट तिच्या दोन्ही कानांत उतरले. बारीक, खरखरीत, पण त्यांचेच.

"काय?"

"जुना फोन माझ्या उशाच्या कपाटात आहे. वरच्या खणात. अक्षीने ठेवलाय. चालू आहे." ते थांबले, श्वास घेतला. "तुझी मशिनं त्याला चिकटलीत. सकाळपासून सांगतोय. आणि तू मला भांडं दाखवतेस."

चंद्रप्रभाने मान वळवून उघड्या दारातून आतल्या खोलीकडे बघितलं.

"अक्षीने? मला वाटलं, ती घेऊन गेली."

"दोन दिवस राहू दे म्हणाली. सगळं नीट आलंय की नाही बघू, मग बंद करू. तू तेव्हा भाकऱ्या करत होतीस. म्हणाली, बाबा, आईला सांगा." पुन्हा श्वास. "मला सांगून गेली. मला."

आधी तिचे खांदे हलले. मग हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात धरून ती पायरीवर बसल्या बसल्या हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शशिकांतरावांच्या चेहऱ्यावर हसू उमटायचं केव्हाच बंद झालं होतं, पण फोनने त्यांच्या घशातली बारीक खुसखुस पकडली आणि ती तिच्या कानांत आली. ते हसत होते. हे तिला दिसलं नसतं.

"आणि जुलाब," ते म्हणाले.

"पुरे हो!"

"'जु' वाचलंस एवढं काय कमी आहे."

एवढ्यात फोन थरथरला. अक्षताचा होता. चंद्रप्रभाने उचलला आणि लेकीचा आवाज कानांत आला, मागे विमानतळावरची घोषणा चालू होती.

"आई! दोन तास धुक्यात बसवून ठेवलं यार, आत्ता लँड झालो. सगळं ठीक? मशीन कनेक्ट झाली ना? बाबांनी सांगितलं ना जुन्या फोनचं?"

चंद्रप्रभाने नवऱ्याकडे बघितलं.

"सांगितलं," ती म्हणाली. "अगदी बाहेर येऊन सांगितलं."

"अच्छा? म्हणजे काय?"

"काही नाही गं. तू जा मीटिंगला. आणि पुढच्या वेळी निरोप ठेवायचा असेल तर कागदावर मोठ्या अक्षरांत ठेव."

फोन ठेवून ती उठली. "थांबा, आधी तो बंद करून येते."

आतल्या खोलीत कपाटाच्या वरच्या खणात, दोन स्वेटरांच्या खाली, जुना फोन होता. पडद्यावर तडा गेलेला, कोपऱ्यात त्याच मशिनांचं चित्र, त्याच्यापुढे हिरवा ठिपका. बॅटरी अजून अकरा टक्के होती. तिने बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला आणि कानांत धून वाजली. नवा फोन बाहेर शशिकांतरावांच्या छातीवर होता. आतल्या खोलीत, कपाटापाशी उभी असताना तिच्या कानांत त्यांचं खाकरणं आलं. पुन्हा टुंग झालं नाही.

आता त्यांना आत घ्यायला हरकत नव्हती. कुकर थंड होत होता, भात गिचका होणार होता. ती बाहेर आली, खुर्चीच्या दांड्याला हात घातला.

"जरा थांब," शशिकांतराव म्हणाले.

ते जाळीबाहेर बघत होते. धुकं पातळ झालं होतं. शहाण्णव साली हा फ्लॅट ताब्यात मिळाला तेव्हा त्या बाजूला गव्हाची शेतं होती, आणि ऑफिसातले लोक म्हणायचे, होनराव, कुठे जंगलात राहायला निघालात? आता त्या जागी एक नवी इमारत उभी होती. पावसाळ्यापूर्वी शेवटचे जिना उतरले तेव्हा तिथे नुसता विटांचा सांगाडा होता.

"ही केव्हा झाली?"

"दिवाळीच्या आधी रंग दिला. लोक यायला लागलेत राहायला. ते बघा, चादर वाळत घातली आहे."

"किती मजले असतील?"

"मोजले नाहीत."

चंद्रप्रभा पुन्हा पायरीवर बसली. खालून कुणी भाजीची पिशवी घेऊन वर आलं, तिने पाय आवरून वाट दिली. शशिकांतराव खालून मोजायला लागले. एक, दोन, तीन. हळू, दर आकड्यानंतर श्वास घेत. ओठ हलत होते की नाही हे बघायला तिने मानही वळवली नाही. तीही त्या इमारतीकडेच बघत होती. तेरावर चादर आली, तिथे त्यांचा घोळ झाला. त्यांनी पुन्हा तळापासून सुरुवात केली.